कस्तुराबाईंच्या पदरावरचा माईक

मी एक माईक आहे, आणि जुना आहे. माझ्या जन्माला फार वर्षं झालीत असं नाही, पण आमच्यात म्हातारपण लवकर येतं. बोटाच्या पेराएवढा माझा जीव. पाठीवर कपड्याला अडकवायचा चिमटा, आणि डोक्यावर वारा अडवायला एक केसाळ टोपी. ती टोपी आता एका बाजूनं झडली आहे आणि चिमटाही सैल झाला आहे. मित्रांनो, मोबाईलसमोर बोलणाऱ्या माणसांच्या कॉलरला माझे भाऊबंद अडकवलेले तुम्ही पाहिले असतील. माणूस बोलतो, लोक त्याचा चेहरा बघतात, माईककडे कुणी बघत नाही. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. आमचं काम ऐकण्याचं. पण मी जे ऐकलं ते आज तुम्हाला सांगावंसं वाटतं आहे.

माझा जन्म दूरच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथं माझ्याजवळ कुणी दोन शब्द बोललं नाही, म्हणून तिथलं सांगण्यासारखं काही नाही. खरं आयुष्य सुरू झालं ते परभणीतल्या एका मोबाईलच्या दुकानात. काचेच्या कपाटात मी बरेच दिवस पडून होतो. एके दिवशी खांद्याला कापडी पिशवी अडकवलेली एक तरुण बाई आली आणि दुकानदाराला म्हणाली, "यष्टीचा भोंगा चालू असताना बी बाईमाणसाचा आवाज नीट यील, असा माईक हाय का?"

दुकानदारानं मला पुढे केलं. ती बाई म्हणजे राजेश्री. माहेर वालूरचं, सासर बोरीचं.

बोरीच्या स्टँडसमोर तिच्या सासूचं चहाचं हॉटेल होतं. सासूचं नाव कस्तुराबाई. उंच, हाडापेरानं मजबूत, आवाज असा की उकळत्या चहाच्या पातेल्यामागून बोलली तरी रस्त्यापलीकडे ऐकू जावा. हॉटेल तिच्या नवऱ्यानं, सटवाजींनी टाकलेलं. सटवाजी वारले तेव्हा मुलगा बालाजी लहान होता. तेव्हापासून बाईनं एकटीनं भट्टी पेटती ठेवली. आता बालाजी भट्टीजवळ असायचा, राजेश्री घर आणि हॉटेल दोन्ही बघायची, आणि कस्तुराबाई चहा गाळता गाळता जगाचा कारभार बघायच्या.

म्हणजे असं, की पोस्टातून निवृत्त झालेले किशनराव रोज सकाळी आतल्या बाकड्यावर बसून मोठ्यानं पेपर वाचायचे. गावातल्या बातम्या सगळ्यांना आधीच माहीत असतात, म्हणून ते नेमकं देशोदेशीचं पान उघडायचे. बातमी वाचायचे किशनराव आणि निकाल द्यायच्या कस्तुराबाई. ते ऐकायला माणसं एक चहा पिऊन दुसरा मागवायची आणि आलेली गाडी सोडायची. राजेश्री आधी पदराआड हसायची, मग मोबाईलमध्ये टिपू लागली. चार लोकांनी बघावं म्हणून तिनं ते इंटरनेटवर टाकलं, पण त्यात सासूपेक्षा गाडीचाच आवाज जास्त. त्यासाठी मी आलो.

राजेश्रीनं मला पहिल्यांदा पदराला लावलं तेव्हा कस्तुराबाईंनी मान खाली घालून माझ्याकडे बघितलं.

"हे काय उंदराचं पिल्लू चिकटवायलीस मला?"

राजेश्रीनं सांगितलं की ह्यानं तुमचा आवाज लांब जातो. त्यावर त्या म्हणाल्या की माझा आवाज आधीच लांब जातो, तुझ्या सासऱ्याला इचार. सगळे हसले. ते सासऱ्याला विचारणं तेव्हा खरोखरच गमतीचं होतं. भिंतीवर हार घातलेला सटवाजींचा फोटो होता आणि कस्तुराबाईंनी हात त्याच्याकडेच केला होता.

कार्यक्रमाला राजेश्रीनं नाव दिलं, 'कडक चहा, कडक बातमी'. मी रोज सकाळी कस्तुराबाईंच्या डाव्या खांद्याखाली पदराला अडकून बसायचो. तिथून मला त्यांचं बोलणं तर ऐकू यायचंच, पण त्याखालचा श्वासही ऐकू यायचा. गमतीचं काही बोलायच्या आधी त्यांचा श्वास क्षणभर थांबायचा. गोफण सोडण्याआधी हात मागे जाऊन थांबतो ना, तसा. मग वाक्य सुटायचं.

एकदा किशनरावांनी वाचलं, की परदेशात माणसासारखा चालणारा यंत्रमानव केला आहे. कस्तुराबाई म्हणाल्या, "चालायला काय, चालंल की. पण त्याला माणसासारखं बसता येतंय का इचारा. हितं बाकड्यावर, एका चहावर, दोन घंटे."

बाकड्यावरचे लोक आपसूक उठून उभे राहिले.

कुणी श्रीमंत माणूस स्वतःचं यान घेऊन काही मिनिटं अंतराळात गेला आणि परत आला. त्यावर त्या म्हणाल्या, तेवढा वेळ तर जिंतूरची गाडी नुसती मागं घ्यायला लागतो, अन् तिच्यात शंभर माणसं असतात. चालकाविना धावणारी मोटार आली. त्यांनी विचारलं, मग उशीर झाला तर बोलायचं कुणाला? आणि एक यंत्र निघालं की त्याला काहीही विचारा, ते उत्तर देतं. राजेश्रीनं मोबाईलवर ते त्यांना दाखवलंही. कस्तुराबाईंनी त्याला चहाचं विचारलं, कापसावरच्या अळीचं विचारलं, मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांपुढं काय बोलावं ते विचारलं. सगळ्याची उत्तरं आली. शेवटी त्या म्हणाल्या, "समदं येतंय ह्याला. फकस्त 'मला ठाऊक न्हाई' म्हणायला कुणी शिकवलं न्हाई. आमच्या गावच्या जावयाचा भाऊ दिसायलाय."

अशी बाई. मोठ्या देशांचे पुढारी असोत की मोठ्या कंपन्यांचे मालक, बाईंच्या तोंडातून कुणी सुटलं नाही. पण एक गोष्ट मी पाहिली. लढाईत घरं पडल्याची, बोट बुडाल्याची बातमी आली, की त्या हातानं किशनरावांना थांबवायच्या. "फुडची घ्या. त्यांच्या घरी रडायलेत. आपुन कामून हासावं?" राजेश्रीला ती बातमी कार्यक्रमात घ्यायची असली तरी त्या ऐकायच्या नाहीत.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. पुण्या-मुंबईतून, आखाती देशांतून लोक लिहायचे, की मावशी, तुमचं बोलणं ऐकून गावच्या स्टँडवर बसल्यासारखं वाटतं. पिंगळीहून काही शिक्षिका मुद्दाम त्यांना बघायला आल्या. कस्तुराबाईंनी त्यांना चहा पाजला आणि विचारलं, की शाळा सोडून आलात का? कौतुकानं त्या फुगल्या नाहीत. राजेश्री मात्र फुलली. घरात सून म्हणून आलेली ती मुलगी सासूची जोडीदारीण झाली. सकाळी कोणती बातमी घ्यायची यावर दोघी भांडायच्या आणि मग एकाच ताटात जेवायच्या.

मग काहीतरी बदलू लागलं.

आधी एकच गंमत त्यांनी दोनदा सांगितली. त्याला कुणी काही म्हटलं नाही. मग चहात साखर दोनदा पडू लागली. मग कार्यक्रम सुरू होण्याआधी, राजेश्री मोबाईल नीट लावत असताना, मला खालच्या आवाजात पुटपुटणं ऐकू येऊ लागलं. "राजेश्री. बालाजीची बायकू. राजेश्री." पोरं परीक्षेआधी पाढे म्हणतात तसं त्या म्हणत. हे फक्त मला ऐकू येत होतं. मोबाईल चालू होईपर्यंत त्या थांबायच्या आणि मग नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणायच्या, "हं, राजेश्री, कर चालू."

एके दिवशी बातमी आली, की कुठल्याशा देशानं असा उपग्रह सोडला आहे की त्याला आभाळातून रस्त्यावरच्या गाडीचा नंबरसुद्धा दिसतो. किशनरावांनी वाचलं आणि चष्म्यावरून कस्तुराबाईंकडे पाहिलं.

कस्तुराबाई म्हणाल्या, "मग त्याला म्हणावं, जरा आमच्या मालकाला बी बघ. सकाळच्यानं दूध आणायला गेलेत. चहा खोळंबलाय."

हॉटेल हसून हसून कोसळलं. भट्टीजवळ बालाजी हसला. राजेश्री इतकी हसली की तिच्या हातातला मोबाईल हलला. किशनराव हसता हसता मध्येच थांबले. सटवाजींना त्यांनी खांदा दिला होता, आणि त्यांना काहीतरी खटकलं असावं. मला मात्र पक्कं कळलं होतं. बोलण्याआधी त्यांचा श्वास थांबला नव्हता. सगळे हसले म्हणून त्याही हसल्या, थोड्या उशिरानं, परक्या गावात माणूस हसतो तशा. आणि हसून झाल्यावर, कुणाला ऐकू न जाईल असं म्हणाल्या, "लय येळ झाला."

राजेश्रीनं तो तुकडा त्याच दिवशी इंटरनेटवर टाकला. तो असा पसरला की आमचं आधीचं काहीही तसं पसरलं नव्हतं. लोकांनी लिहिलं, काय चेहरा ठेवलाय, मावशीला नाटकात घ्या. त्या वाक्याची लोकांना सवय लागली. स्टँडवर गाडी थांबली की खिडकीतून कुणीतरी ओरडायचं, "मावशी, मालक आले का दूध घेऊन?"

आणि प्रत्येक वेळी कस्तुराबाई हातातलं काम ठेवून पायरीवर यायच्या, कपाळावर हात धरून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघायच्या. गाडीत हशा व्हायचा. गाडी निघून जायची. त्या तिथंच उभ्या राहायच्या.

दोन-तीनदा हे पाहिल्यावर राजेश्रीला कळून चुकलं. तिनं बालाजीला सांगितलं. तो मानायला तयार नव्हता. माय पहिल्यापासून अशीच गमतीशीर आहे, तुला काय नवीन, असं तो म्हणत राहिला. पण ज्या दिवशी आईनं त्यालाच विचारलं, की भट्टीवर नवीन माणूस कधी ठेवला, त्या दिवशी दोघं तिला परभणीला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी सांगितलं, की हा विसरण्याचा आजार आहे. जपता येईल, परतवता येणार नाही.

राजेश्री म्हणाली, कार्यक्रम बंद करू. बालाजी म्हणाला, "माईक लावल्यावरच ती पहिल्यावानी दिसायली. तेवढं तरी राहू दे तिला." आणि ते खोटं नव्हतं. मला पदराला लावलं की त्यांची पाठ ताठ व्हायची, आवाजात धार यायची. तेव्हा कार्यक्रम चालू राहिला. राजेश्री आता चुकलेलं, भरकटलेलं सगळं कापून टाकायची आणि उरलेलं दाखवायची. उरलेलं दिवसेंदिवस कमी होत गेलं. लोक लिहू लागले, की मावशीत आता पहिली मजा नाही. दुसऱ्या कुणीतरी तो उपग्रहाचा जुना तुकडा उचलला, त्यामागं हसण्याचे आवाज आणि ढोलकी लावली आणि पुन्हा सोडून दिला. तो आमच्या हातात नव्हता.

एका सकाळी राजेश्रीनं मला पदराला लावलं होतं. पेपर अजून उघडला नव्हता. परगावचा एक तरुण गाडीतून उतरून आत आला. चांगला मुलगा होता. तो आधी कस्तुराबाईंच्या पाया पडला आणि मग कौतुकानं मोबाईल त्यांच्यापुढे धरला. "मावशी, ह्या तुमीच नव्हं?"

मोबाईलमध्ये तो तुकडा सुरू होता. ढोलकी, हशा, आणि मध्ये कस्तुराबाईंचा चेहरा.

कस्तुराबाईंनी नीट बघितलं. मोबाईल हातात घेऊन पुन्हा बघितलं. मग त्या राजेश्रीकडे वळल्या.

"ही बाई लय बेजार दिसायली गं. तिचा माणूस सापडंना, अन् समदे हासायलेत. हिच्या घरचं कुणी न्हाई का?"

तरुणाच्या तोंडावरचं हसू गेलं. किशनरावांनी न उघडलेला पेपर खाली ठेवला. 

"हाय, आत्याबाई," ती म्हणाली. "तिच्या म्होरंच उभी हाय. फोन धरून."

"मग तिला म्हणावं, ठिव ते खाली. अन् हात धर तिचा."

राजेश्रीनं मोबाईल बाकड्यावर ठेवला. तिनं हात धरला तेव्हा मी दोघींच्या मध्ये होतो. कोणाचं काळीज किती जोरात धडधडत होतं ते मला वेगळं सांगता येणार नाही.

त्या दुपारी तिनं मला पहिल्यांदा स्वतःच्या पदराला लावलं. ती मोबाईलसमोर एकटीच बसली आणि गंमत न करता सरळ बोलली. माझे सासरे कधीच वारलेत, ती म्हणाली. ते बोलणं विनोद नव्हता, आजार होता. तो तुम्हाला दाखवला तो मी. आता स्टँडवर आलात तर आत्याबाईंना ते विचारू नका. त्या खरंच वाट बघतात. एवढं बोलून ती थांबली. मग तिनं आमचे सगळे कार्यक्रम इंटरनेटवरून काढून टाकले, यंत्रमानव, अंतराळातला श्रीमंत, सगळे. बालाजी जवळ उभा होता. त्यानं अडवलं नाही.

पुष्कळ लोकांना वाईट वाटलं. त्यांनी माफी मागितली. काहींनी लिहिलं, की हीसुद्धा नवी नाटकबाजी आहे. त्या मार्गावरच्या कंडक्टरांना गोष्ट समजली तेव्हा बोरी यायच्या आधीच ते प्रवाशांना बजावू लागले. तरी अनोळखी माणसं येतच होती. तेव्हा किशनरावांनी इतक्या वर्षांची आतली जागा सोडली आणि ते रस्त्याकडच्या बाकड्यावर बसू लागले. गाडी थांबली की पेपर बाजूला ठेवून ते उभे राहायचे, खिडक्यांकडे बघत ओठांवर बोट ठेवायचे. मोठ्यानं वाचणं त्यांनी सोडलं.

मी डबीत गेलो. डबी फळीवर गेली. तिच्यावर साखरेच्या रिकाम्या पिशव्या आल्या. चार्जिंग न होता पडून राहिलं की आमच्यातला जीव हळूहळू जातो. माझाही गेला. वाटलं, आता इथंच संपलं.

पण कस्तुराबाई दुपारी अस्वस्थ होऊ लागल्या. आतल्या खोलीत येरझाऱ्या घालायच्या, डाव्या खांद्याखाली पदर चाचपायच्या, काहीतरी हरवल्यासारख्या. बालाजीनं गळ्यातली पोत दाखवली, चष्मा दिला. ते नको होतं. राजेश्रीच्या ध्यानात आलं. तिनं मला शोधून काढलं. मी चालू होत नाही हे तिनं दोनदा तपासून पाहिलं, आणि तसंच मला त्यांच्या पदराला लावून समोर जमिनीवर बसली. मोबाईल तिनं बाहेर बालाजीजवळ ठेवला होता.

कस्तुराबाई ताठ बसल्या आणि बातम्या सांगू लागल्या. चंद्रावर गाडी सुरू झालीय म्हणं, सेलूवरून सुटती. मोठ्या देशांच्या पुढाऱ्यांचं जमंना, त्यांना हितं बोलवा, एका बशीत चहा द्या. मधेच बोरीतली कुठलीशी जुनी लग्नं, मधेच दूध. राजेश्री सगळं ऐकायची. हसण्यासारखं असलं तर हसायची. मालक कुठं आहेत असं विचारलं तर म्हणायची, तुमी सांगा त्यांचं, कसे होते. मग कस्तुराबाई सांगायच्या, आणि त्यांचा जीव शांत व्हायचा. मी बंद होतो, मित्रांनो, पण माझ्या सगळ्या आयुष्यात तेवढं नीट कुणी कुणाचं ऐकलेलं मी पाहिलं नाही.

शब्द कमी होत गेले. एका दुपारी कस्तुराबाई बसल्या आणि काहीच आलं नाही. त्यांनी माझा चिमटा काढला, बराच वेळ खटपट करून मला राजेश्रीच्या पदराला लावलं आणि म्हणाल्या, "आता तू सांग. मी ऐकती."

राजेश्रीनं दाराबाहेर बघितलं. मग ती म्हणाली, आज आभाळ आलंय. कापसाच्या गाड्या जिंतूरला जायल्यात. किशनरावांना खोकला झालाय, तरी बाहेरच बसलेत. तुमचा बालाजी परभणीला गेलाय, तुमच्यासाठी शाल आणायला. कस्तुराबाई सगळ्या जगाची बातमी ऐकावी तशा ऐकत होत्या.

"मग?" त्या म्हणाल्या.

राजेश्री पुढचं सांगत राहिली.

थंडी संपता संपता कस्तुराबाई गेल्या. राजेश्रीनं ते कुठंही टाकलं नाही. गावानं त्यांना पोचवलं आणि त्या दिवशी स्टँडसमोरची भट्टी पेटली नाही. मी आता राजेश्रीच्या पेटीत तिच्या बांगड्यांशेजारी असतो. मला कुणी दुरुस्त करावं असं मला वाटत नाही.

मित्रांनो, एक मात्र मागणं आहे. कस्तुराबाईंनी विचार करून, जीव ओतून जे हसवलं ते सगळं पुसलं गेलं. उरला आहे तो एकच तुकडा, ज्यात त्या हसवत नव्हत्या. तो अजून फिरतो आहे. उद्या तो तुमच्या मोबाईलवर येईल. ढोलकी वाजेल, एक उंच बाई आभाळातल्या उपग्रहाला आपल्या माणसाचा पत्ता विचारेल, आणि तुम्हाला हसू येईल. याआधी हसला असाल तरी माझं काही म्हणणं नाही, कारण तेव्हा तुम्हाला ठाऊक नव्हतं. पण आता ठाऊक झालं आहे. तेव्हा तो पुढे पाठवू नका. तुमच्या हाती आला की तिथंच राहू द्या.